पिवळे बाळ आणि निळा प्रकाश

घरात मुलगा जन्मला की आपल्या लोकांत त्याच दिवसापासून आठव्या दिवसाची तयारी सुरू होते. मोहेल ठरतो, हॉल ठरतो, मलीद्यासाठी पोह्यांची आणि नारळांची यादी होते, मुंबई-ठाण्याला फोन जातात. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मोहेल येतो, बाळाचा सदरा वर करतो, त्याला खिडकीपाशी नेऊन न्याहाळतो आणि म्हणतो, "अजून पिवळा आहे. थांबावे लागेल." मग आजी नाराज, आजोबा नाराज, हॉलवाल्याशी वाद! आम्ही परिचारिका म्हणून इतकी वर्षे काम केले, त्यात हा प्रसंग किती घरी पाहिला याची गणती नाही. त्या नाराजीत एक गोष्ट विसरली जाते. बाळाला उजेडात नेऊन त्याचा रंग पाहणे ही आपल्या धर्मातली फार जुनी तपासणी आहे, आणि त्याच उजेडाने त्या पिवळेपणावर उपचार करणे ही मात्र अगदी अलीकडची, १९५६ सालानंतरची गोष्ट आहे. हा इतिहास आपल्या वाचकांना सांगावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

तालमूदच्या शाब्बाथ या भागात रब्बी नाथान यांच्या प्रवासाची हकीकत आहे. एका समुद्रकाठच्या गावी एका बाईचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले होते. तिसरा तिने रब्बींपुढे आणला, तो लालभडक दिसला. रक्त अंगात जिरेपर्यंत थांबा, असे रब्बींनी सांगितले. पुढे कप्पदोकिया प्रांतात दुसरी बाई अशीच आली. तिचा मुलगा 'यारोक' दिसला. त्यालाही थांबा म्हणून सांगितले. दोन्ही मुले जगली आणि दोन्ही घरी त्यांचे नाव नाथान ठेवले गेले. 'यारोक' म्हणजे आजच्या हिब्रूत हिरवा. जुन्या हिब्रूत पिवळट, फिकट यांनाही तोच शब्द. रब्बींनी पाहिलेले बाळ काविळीचे होते की रक्त कमी असलेले होते, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण पुढे मायमोनिदीस, जे स्वतः वैद्य होते, आणि त्यांच्यानंतर त्स्फात येथे शुल्हान आरूख लिहिणारे योसेफ कारो, या दोघांनीही नियम घालून दिला की फार पिवळ्या बाळाची सुंता रंग निवळेपर्यंत करू नये. म्हणजे आपला मोहेल हॉलवाल्याचे नुकसान करतो तो काही स्वतःच्या लहरीने नव्हे.

आता हा पिवळेपणा येतो कोठून? आपल्या रक्तातील तांबड्या पेशी ठराविक दिवस जगून मरतात. त्या मोडल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. मोठ्या माणसाचे यकृत त्याला पाण्यात विरघळेल असे रूप देऊन पित्तावाटे बाहेर टाकते. नवजात बाळाच्या अंगात तांबड्या पेशी जास्त, त्या मोडतातही लवकर, आणि यकृत अजून कामाला सरावलेले नसते. म्हणून पूर्ण दिवसांच्या दहापैकी सहा बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसतेच. बहुतेकांची आपोआप जाते. मोठ्या माणसाची कावीळ उतरवायला आपल्या गावाकडे गळ्यात माळ घालीत, मंत्र टाकीत. ती आणि ही बाळाची कावीळ एक नव्हे.

पण सगळ्यांची आपोआप जात नाही. आई-बापाच्या रक्तगटांत मेळ नसेल, बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, किंवा त्याच्या तांबड्या पेशींत काही जन्मजात उणीव असेल, तर बिलिरुबिन चढतच जाते आणि एका पातळीनंतर मेंदूत शिरते. १९०४ साली श्मोर्ल या जर्मन डॉक्टराने अशा दगावलेल्या बाळांच्या मेंदूतील आतली केंद्रे पिवळी झालेली पाहून त्या विकाराला 'केर्निक्टेरस' हे नाव दिले. जे बाळ यातून जगते, त्याचे हातपाय आयुष्यभर वेडेवाकडे हलत राहतात, नजर वर होत नाही, आणि पुष्कळदा ऐकू येत नाही.

यावर १९४० च्या दशकात एकच खात्रीचा उपाय हाती आला. बाळाचे रक्त काढून दुसरे भरायचे. बॉस्टनचे डॉ. लुई डायमंड यांनी नाळेच्या शिरेतून बारीक प्लॅस्टिकची नळी घालून हे करण्याची पद्धत बसवली. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते पाव लिटरच्या आसपास. त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे अर्धा लिटर रक्त थोडे थोडे करून काढायचे आणि तितकेच घालायचे. डॉक्टर पिचकारी ओढतो, परिचारिका आकडा मोठ्याने सांगून कागदावर लिहिते. इतके बाहेर, इतके आत. दीड-दोन तास हे चालते. आकडा चुकला तर बाळ दगावते. आम्ही हे केले आहे आणि त्या दोन तासांत तोंडचे पाणी कसे पळते हे अजून विसरलेलो नाही. उजेडाच्या उपचाराने काय वाचवले हे समजण्यासाठी हे आधी सांगितले.

प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना त्या काळी नवी नव्हती. फॅरो बेटांवर १८६० साली जन्मलेले नील्स फिन्सेन यांनी १८९६ साली कोपनहेगन येथे प्रकाशोपचाराची संस्था काढली. कातडीच्या क्षयाने लोकांचे चेहरे खाऊन टाकले जात. त्या जखमांवर ते कार्बनच्या प्रखर दिव्याचा उजेड स्फटिकाच्या भिंगांतून एकवटून टाकीत. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, १९०४ साली ते वारले. डेन्मार्कची राजकन्या असलेल्या इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रा यांनी १९०० साली तसा दिवा लंडन हॉस्पिटलला दिला. त्या दिव्यापाशी बसत त्या परिचारिका. आतून गार पाणी खेळणारे भिंग रोग्याच्या गालावर घट्ट दाबून धरायचे. दाबायचे अशासाठी की त्या जागेचे रक्त बाजूला सरावे, कारण रक्त उजेड शोषून घेते आणि आत पोहोचू देत नाही. तास तास त्या हाताने दाबून बसत. फिन्सेनचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आता मुख्य गोष्ट. लंडनच्या पूर्वेला एसेक्समध्ये रॉचफोर्ड जनरल हॉस्पिटल होते. तेथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाची प्रमुख होती सिस्टर जीन वॉर्ड. (इंग्रजीत सिस्टर, हिब्रूत आखोत. दोन्हींचा अर्थ बहीणच. आपल्या मुंबईच्या इस्पितळांतही सिस्टरच म्हणत.) कोंदट, गरम पेटीत पडून राहण्यापेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना जास्त मानवते, अशी तिची ठाम समजूत. उन्हाळ्यात चांगला दिवस पाहून ती नाजूक बाळे गाड्यांतून अंगणात नेई आणि डॉक्टरांची फेरी यायच्या आत परत आणी. १९५६ च्या उन्हाळ्यात अशाच एका फेरीच्या वेळी तिने बिचकत बिचकत एक बाळ उघडे करून डॉक्टरांना दाखवले. सगळे अंग फिकट पिवळे, पण पोटावर एक तिकोनी ठिगळ मात्र चांगले गडद पिवळे. डॉक्टर डॉब्स यांनी विचारले की हे काय आयोडीन फासले आहेस की दुसरे काही? ती म्हणाली, हा उन्हाचा परिणाम असावा. उन्हाने कातडी रापायला दिवस लागतात, असे डॉक्टरांनी तिला समजावले. ती आणखी ओशाळली. पण तिने आपले म्हणणे सांगितलेच, की रापलेले काही नाही. त्या जागेवर चादरीचे टोक आले होते, ती जागा मूळची आहे, बाकीचे अंगच फिके पडले आहे. डॉक्टरांनी ते ऐकले आणि पुढच्या खाटेकडे गेले. बाळ सुधारून घरी गेले.

गोष्ट तेथेच संपायची. पण काही आठवड्यांनी एका फार पिवळ्या बाळाचे रक्त तपासणीला गेले आणि उत्तर आले ते अपेक्षेपेक्षा फारच कमी. रक्त बदलण्याची तयारी चालू होती, म्हणून शोध घेतला, तर ती नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहिलेली! ताजे रक्त तपासले तेव्हा आकडा वर निघाला. तेव्हा सिस्टर वॉर्डचे तिकोनी ठिगळ सर्वांना आठवले. डॉ. रिचर्ड क्रेमर, जीवरसायनतज्ज्ञ पेरिमन आणि डॉ. रिचर्ड्स यांनी प्रयोग केले. आधी नळीतल्या रक्तावर, मग बाळांना आळीपाळीने ऊन आणि सावलीत ठेवून. इंग्लंडच्या उन्हाचा काय भरवसा, म्हणून त्यांनी पाळण्यावर कमानीसारखा चकचकीत पोलादी पत्रा बसवून त्यात निळसर ट्यूबलाइटच्या आठ नळ्या लावल्या. १९५८ च्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला. लेखकांची नावे तीन. त्यांत सिस्टर वॉर्ड नाही. अंगणातल्या बाळाची हकीकत डॉब्स आणि क्रेमर यांनी पुढे १९७५ साली स्वतः छापली, ती मोकळ्या मनाने आणि स्वतःकडे कमीपणा घेऊन. म्हणून तरी ती आपल्याला ठाऊक आहे.

उजेडाने नेमके काय होते, हे कळायला आणखी वीस वर्षे गेली. बिलिरुबिनचा रेणू घडी घातलेल्या कागदासारखा असतो. त्याची पाणी धरणारी टोके आत दुमडलेली, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही आणि चरबीत, मेंदूत जाऊन बसतो. त्याच्यावर निळा उजेड पडला की रेणूचा एक भाग वळतो, घडी सैल होते आणि तो पाण्यात मिसळू लागतो. मग यकृताने त्याच्यावर वेगळी प्रक्रिया करण्याची गरज राहत नाही. तसाच पित्तातून, काही भाग लघवीतून निघून जातो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० साली मॅकडोना, लाइटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडले. यासाठी कामाचा उजेड म्हणजे सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, निळा आणि थोडा निळा-हिरवा. पुष्कळ आयांना वाटते, आणि काही परिचारिकांनाही, की हे अतिनील किरण आहेत. ते नव्हेत.

इंग्लंडचा हा शोध अमेरिकेने दहा वर्षे फारसा मनावर घेतला नाही. इटलीत आणि दक्षिण अमेरिकेत तो आधी वापरात आला. मग १९६८ साली व्हरमाँट विद्यापीठातील डॉ. जेरॉल्ड लूसी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर रीतसर तुलना करून दाखवली आणि तेथून दिवे सगळीकडे झाले. रक्त बदलण्याचे प्रसंग झपाट्याने उतरले. त्याला आईला देण्याच्या आर-एच प्रतिबंधक सुईचाही हातभार होता, ही गोष्ट सांगितली पाहिजे.

आम्ही कामाला लागलो तेव्हा निळ्या नळ्यांचे दिवे वॉर्डात रुळले होते. त्यांचे कौतुक पुस्तकात पुष्कळ आहे. त्यांच्याखाली आठ तास काढणाऱ्यांना विचारा. डोके दुखे, मळमळे, घरी गेल्यावर भिंती पिवळ्या दिसत. बाळाचे डोळे झाकायचे, पण पट्टी सरकून नाकावर आली तर श्वास कोंडेल, म्हणून नजर तिच्यावरच. अंगावर फक्त लंगोट. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, दूध जास्त पाजायचे, कारण पाणी उडते. शी हिरवी आणि पातळ होते, आया घाबरतात. तर ती कावीळच बाहेर पडत आहे हे समजावायचे. आणि सर्वांत वाईट म्हणजे निळ्या उजेडात बाळ निळे पडले तर कळतच नाही! म्हणून मध्ये मध्ये दिवा बंद करून साध्या उजेडात त्याचे ओठ पाहायचे. नवीन मुलींना आम्ही पहिला धडा हाच देत असू. उजेड हेही औषधच. त्याचीही मात्रा असते. २००८ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत अगदी चिमुकल्या, एक किलोच्या आतल्या बाळांना लवकर आणि जास्त प्रकाश देऊन पाहिला. मेंदूचे नुकसान कमी झाले, पण सर्वांत लहान बाळांत मृत्यू वाढले असावेत अशी शंका आली. तेव्हापासून त्यांच्याबाबत हात जपून चालतो.

उपचाराचे झाले. ओळखण्याचे मात्र अजून सांगायचे आहे, आणि तेथेच आपल्या समाजाचा प्रश्न येतो.

कावीळ बाळाच्या चेहऱ्यावर आधी दिसते, मग खाली छाती, पोट, पाय अशी उतरते. डोळ्याने ओळखायची तर कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर बोट दाबायचे, रक्त बाजूला सरते, आणि बोट उचलताच क्षणभर खालचा रंग दिसतो. फिन्सेनच्या परिचारिका भिंग दाबीत त्यामागचे कारण हेच. पण ही रीत गोऱ्या कातडीवर शिकलेल्यांनी गोऱ्या कातडीसाठी लिहिली. सावळ्या बाळात ती फसवते. तेथे डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्या लागतात, तेही दिवसाच्या उजेडात.

१९८० च्या दशकातली गोष्ट. इस्पितळाचे नाव सांगत नाही. आपल्याच समाजातील एका बाईचा मुलगा, दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता. डॉक्टर फेरीवर आले. आम्ही दोघी कामावर होतो. बाळाचे डोळे आम्हाला बरे वाटले नाहीत. आम्ही म्हटले की जरा पिवळा वाटतो. डॉक्टर म्हणाले की हिंदी लोकांचा रंग असाच असतो. त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, घाई होती. आम्ही गप्प बसलो. आमचे हिब्रू अजून अडखळत होते, नोकरी नवी होती, आणि डॉक्टरला दुसऱ्यांदा सांगायचे धाडस झाले नाही. सहाव्या दिवशी मुलाला परत आणले. दूध ओढत नव्हता, पाठ कमानीसारखी ताणलेली, रडणे किंचाळल्यासारखे. बिलिरुबिन तीसच्या वर. रात्री रक्त बदलले. मुलगा जगला, त्याला ऐकू येत नाही. त्याची आई पुढे कित्येक वर्षे आम्हाला हनुक्काला डबा पाठवीत असे, आणि तो डबा उघडणे आम्हाला जड जाई. सिस्टर वॉर्ड ओशाळली होती, बिचकली होती, तरी आपले म्हणणे तिने शेवटपर्यंत सांगितले. आम्ही सांगितले नाही.

असो. त्याच सुमारास यंत्र आले. जपानमध्ये ओकायामा येथील डॉ. यामानोउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मिनोल्टा या कॅमेऱ्याच्या कंपनीने बनवलेला कावीळमापक प्रसिद्धीस आणला. बाळाच्या कपाळाला टेकवला की एक लखलखाट होतो, कातडीतून परत आलेल्या उजेडातला निळा भाग किती शोषला गेला ते तो मोजतो, आणि आकडा देतो. सुई नाही, रक्त नाही. आकडा वर असला तर रक्त तपासायचेच. पण कोणाचे तपासायचे हे आता रंगाच्या अंदाजावर सुटत नाही. यंत्रालाही रंगाची भूल पडते, गडद कातडीत ते थोडे कमी-जास्त दाखवते, हे लक्षात ठेवून वापरायचे. बोटाला लावायचे ते प्राणवायू मोजणारे क्लिपसारखे यंत्रही जपानचेच. १९७४ साली ताकुओ आओयागी यांनी त्याचे तत्त्व मांडले. २०२० सालच्या करोनात ते घरोघरी पोहोचले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की काळ्या रुग्णांत ते प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याचे प्रसंग गोऱ्यांच्या मानाने सुमारे तिप्पट होते. १९९० सालीही एका अभ्यासाने हेच सांगितले होते. तीस वर्षे कोणी कान दिला नाही, याचे आम्हाला नवल वाटले नाही.

तांबड्या पेशींतल्या जन्मजात उणिवेचा वर उल्लेख केला, तिचे नाव जी-सिक्स-पी-डी. ही पेशीतल्या एका विकराची कमतरता. ज्या १९५८ साली रॉचफोर्डचा लेख आला, त्याच साली इस्रायलमध्ये डॉ. शाइनबेर्ग, डॉ. खाइम शेबा आणि डॉ. आदाम यांनी बाकल्याच्या शेंगा खाऊन ज्यांचे रक्त फुटते त्यांच्या पेशींत ही उणीव असल्याचे प्रसिद्ध केले. कुर्दिस्तानातून आलेल्या यहुदी पुरुषांत ती निम्म्याहून अधिकांत आढळते. भारतात पारशी लोकांत ती बरीच आहे. पुढे जेरुसलेमच्या शारे त्सेदेक इस्पितळातील डॉ. मायकेल कॅप्लन आणि डॉ. कॅथी हॅमरमन यांनी नवजात बाळांच्या काविळीशी तिचा संबंध वर्षानुवर्षे अभ्यासला. १९९७ साली त्यांनी दाखवले की या उणिवेबरोबर यकृताच्या विकराचा एक विशिष्ट जनुकीय फेर असेल, तर कावीळ जोरात चढते.

आपल्या घरांशी याचा संबंध डांबराच्या गोळ्यांतून येतो. ट्रंकेत, कपाटात ठेवलेली दुपटी, आजीने हातांनी शिवलेली अंगडी, कोणा थोरल्या मुलाचे सुंतेचे कपडे, सगळे गोळ्या घालून जपलेले असते, आणि बाळ आले की तेच काढून त्याला गुंडाळतात. नॅफ्थलीनचा वास अशा बाळाच्या पेशी फोडायला पुरतो; एरवी धडधाकट बाळही दोन दिवसांत हळदीसारखे होते. घरी भेटीला गेल्यावर आम्ही बाळाआधी कपाटाचा वास घेत असू. आता तर आपल्यात इराकी, कुर्दी, मोरोक्कोच्या घरी मुली दिल्या जातात आणि सुना तिकडून येतात, तेव्हा आमच्यात हा आजार नाही असे कोणी म्हणू नये.

आजीचे कोवळे ऊन राहिले. अंगाला तेल लावून बाळाला सकाळच्या उन्हात धरायची आपली रीत वाईट नाही, पण ती उपचार म्हणून धरू नये. खिडकीतल्या उन्हात किती निळा भाग पोहोचतो याचे माप नाही, आणि बाळ होरपळते किंवा थंड पडते. आता दिवे वेगळे आले आहेत. निळ्या एल.ई.डी. चा शोध लावणाऱ्या तिघा जपानी शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले. त्यांचा दिवा तापत नाही. पाठीखाली घालायची प्रकाशाची दुलईही मिळते, तिच्यासकट बाळाला आईच्या मांडीवर देता येते.

आणि ऊनही परत आले आहे. ज्या देशांत वीज येते-जाते, तेथे दिवा असून उपयोग नसतो. नायजेरियात लागोस येथे डॉक्टरांनी इस्पितळाच्या आवारात मांडव घातले आणि वर अशी पारदर्शक फिल्म ताणली की अतिनील किरण आणि उष्णता अडावी, निळा उजेड आत यावा. आया बाळांना घेऊन त्याखाली बसत. २०१५ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. उपचाराच्या दिवसांपैकी ९३ टक्के दिवशी गाळलेले ऊन कामी आले, दिव्यांचा आकडा ९० टक्के. मांडवाखाली परिचारिका बाळांचे ताप पुन्हा पुन्हा मोजत होत्या, आणि ढग आले की आत नेत होत्या.